खुडणे आणि उपटणे

जी वस्तू कोणी पेरली नाही, जिला कोणी पाणी घातले नाही, जिची कोणी राखण केली नाही, ती वस्तू कोणाची? हा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. मात्र ग्रंथांतून तो आपल्यासमोर येतो तेव्हा त्याचे रूप बरेचसे निरुपद्रवी असते. प्रत्यक्ष जगण्यात तो उभा राहतो तेव्हा बहुधा आपण स्वतःच त्यातील एक पक्षकार असतो आणि निवाडा करण्याचा आपला अधिकार त्याच क्षणी संपुष्टात आलेला असतो. प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो माझ्यापुढे अशाच रीतीने आला, म्हणून त्याचा प्रसंग थोडक्यात सांगणे भाग आहे.

माझे घर रायगड जिल्ह्यात एका लहान गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. निवृत्तीनंतर तेथे राहावयास गेल्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत मी आसपासच्या वनस्पती ओळखण्याचा उद्योग केला. कुंपणाच्या आतबाहेर टाकळा, कुर्डू, घोळ, आघाडा, बांधावर भारंगी, टेकडीच्या उतारावर, झुडपांवर चढलेले करटोलीचे वेल. पुस्तकातील नाव आणि समोरचे पान यांची गाठ पडली की जो आनंद होतो तो अपरिचित कवीची एखादी ओळ ध्यानात येताना होणाऱ्या आनंदाच्या जातीचा असतो. तिसऱ्या वर्षी श्रावणाच्या प्रारंभी मी पिशवी घेऊन टेकडीवर गेलो आणि दोन सकाळींत उतारावरची बहुतेक सर्व करटोली तोडून आणली. घरी खाऊन उरली ती शेजाऱ्यांना वाटली. आपण काही मिळवले, तेही कोणाचे काही न घेता, असे निर्मळ समाधान त्या वाटण्यात होते.

त्या आठवड्यात कातकरी वाडीतील एक बाई नेहमीप्रमाणे दारावरून गेली. दरवर्षी ती याच दिवसांत करटोलीचे वाटे घेऊन येत असे. त्या दिवशी टोपलीत थोडा टाकळा तेवढा होता. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "औंदा करटोली नाय बाबा. वाटेवरची कोनी नेली. येलावर येक पन ठेवलं नाय." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. कोणी नेली हे तिला ठाऊक होते किंवा नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मी टाकळा घेतला, पैसे दिले आणि गप्प राहिलो. या लेखाचा आरंभ त्या गप्प राहण्यात आहे.

मी काही चोरी केली होती काय? कायद्याच्या अर्थाने नव्हे. तो उतार कोणा व्यक्तीच्या मालकीचा नव्हता, आणि वेल कोणीही लावलेले नव्हते. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात मालमत्तेची मीमांसा करताना नेमका हाच दाखला घेतला आहे. रानातील ओकखाली पडलेली फळे वेचून जो पोट भरतो, त्याची ती फळे केव्हा झाली? पचली तेव्हा, शिजवली तेव्हा, घरी आणली तेव्हा, की वेचली तेव्हा? लॉकचे उत्तर असे की वेचण्याच्या श्रमानेच ती त्याची झाली. पहिल्या वेचण्याने ती झाली नसतील तर पुढच्या कशानेही होणार नाहीत. माझी पिशवी या न्यायाने माझीच ठरते. परंतु लॉकने या सिद्धांताला एक अट जोडली आहे आणि त्याचे अनुयायी तिचा उच्चार फारसा करीत नाहीत: इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे. मी मागे काही ठेवले नव्हते. म्हणजे ज्याच्या आधाराने मी निर्दोष ठरू पाहत होतो त्याच तत्त्ववेत्त्याच्या कसोटीवर मी नापास होत होतो.

याहूनही अडचणीची गोष्ट अशी की श्रमाची ही कसोटी श्रम कोठून मोजावयाचे हे सांगत नाही. मी दोन सकाळी चाललो. ती बाई आणि तिच्या आधी तिची आई, आजी त्या उतारावर किती पावसाळे चालल्या असतील? करटोलीत नरवेल आणि मादीवेल वेगळे असतात. फळ मादीवेलावरच धरते. कोणता वेल फळाचा, तो कोठे उगवतो, कंद जमिनीत जिवंत राहून तो पुढल्या वर्षी तेथूनच कसा वर येतो, हे त्यांनी चालून शिकलेले ज्ञान आहे. मी ते छापील पानावरून घेतले, आणि त्या पानालाही ते कोणा अशाच बाईने सांगितलेले असणार. शेवळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. पहिल्या पावसात, पाने फुटण्याच्या आधी, जमिनीतून वर येणारा हा कोंब तसाच शिजवून खाल्ला तर घसा खाजून माणूस हैराण होतो. कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक त्याला कारण असतात. म्हणून आतला दाणेदार भाग काढून टाकावयाचा आणि भाजीत काकडाची आंबट फळे घालावयाची, ही रीत. रानातल्या दोन वेगवेगळ्या वनस्पतींची ही जोडी कोणी प्रथम जमवली, आणि ती जमेपर्यंत कितीजणांचे घसे सुजले, याची नोंद कोठेही नाही. 'फुकट मिळालेली' भाजी या अर्थाने कधीच फुकट नसते. ती कोणी पेरलेली नसली तरी कोणीतरी ओळखलेली असते, आणि हे ओळखणे हाही श्रमच आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार वेगळ्या बाजूने केला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेच्या वृत्तींची नावे येतात. शेतात सांडलेले दाणे किंवा कणसे वेचून जगणे याला तेथे 'ऋत' म्हटले आहे. न मागता मिळालेले ते 'अमृत', मागून आणलेले ते 'मृत', आणि शेती ही 'प्रमृत'. नांगराचा फाळ भूमीला आणि भूमीतील जीवांना इजा करतो, असे याच ग्रंथाचा दहावा अध्याय सांगतो. म्हणजे न पेरता, न नांगरता, जे उरले त्यावर जगणे ही या श्रेणीतील सर्वांत निर्दोष अवस्था. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगसाची कथा याच वृत्तीभोवती रचलेली आहे. कुरुक्षेत्रातील उंछवृत्तीने राहणारे एक कुटुंब दुष्काळात मिळवलेल्या जवाचे पीठ वाटून खावयास बसते. अतिथी येतो, आणि चौघेही एकामागून एक आपला वाटा त्याला देतात. त्या पिठाच्या कणांत लोळून अर्धे सोन्याचे झालेले मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञाला त्या पिठाच्या तोडीचा मानीत नाही.

ही कथा वाचताना आपण भारावून जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि टीकाकाराने तेथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मनू ज्या वेचण्याला 'ऋत' म्हणतो ते द्विज गृहस्थाने स्वीकारलेले व्रत आहे. हेच काम भूमिहीन स्त्री करते तेव्हा त्याला मराठीत 'सरवा वेचणे' म्हणतात, आणि त्या शब्दाभोवती कोणतेही तेजोवलय नाही. एकाच कृतीला एका ठिकाणी तप आणि दुसऱ्या ठिकाणी दारिद्र्य म्हणणारी भाषा कृतीचे वर्णन करीत नसते. ती कर्त्याची जागा सांगत असते. मी पिशवी घेऊन टेकडीवर गेलो तेव्हा माझ्या मनात निसर्गाकडे परतण्याची, साधेपणाची काही एक भावना होती. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु ती भावना बाळगण्याची मोकळीक मला निवृत्तिवेतनाने दिली होती.

ऋषिपंचमीचे व्रतही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचे खावयाचे नाही, हा त्या दिवसाचा नेम. परसात आपोआप आलेल्या, हाताने लावलेल्या भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी होते. काही ठिकाणी पाणथळीत न पेरता उगवणाऱ्या देवभाताचा भात करतात. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवले त्याचे ऋण एक दिवस न खाऊन मान्य करावयाचे, ही कल्पना मोठी आहे. आज शहरातील घरांत ही भाजी मंडईतून येते. बैलाचे श्रम चुकतात; डोक्यावर टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने आलेल्या बाईचे श्रम मात्र त्या नेमाच्या दृष्टीत येत नाहीत. व्रताने पशूच्या श्रमाचा विचार केला तेव्हा माणसाच्या श्रमाचा विचार आपण आणखी कोठेतरी केलेला आहे असे गृहीत धरले असावे. ते गृहीत खरे ठरलेले नाही.

या प्रश्नाची राजकीय बाजू मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे मांडली ती जोतीराव फुले यांनी. १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात ते दाखवून देतात की थोड्या जमिनीवर ज्यांचे भागत नसे असे शेतकरी पूर्वी जवळच्या डोंगरदऱ्यांतील उंबर, जांभूळ यांसारखी फळे खाऊन, पळसमोहाची फुले-पाने आणि लाकूडफाटा विकून, गावच्या गायरानावर दोनचार जनावरे पाळून तग धरीत असत. सरकारच्या जंगलखात्याने हे सर्व आपल्या कुंपणात घेतले आणि त्यांचा हा शेवटचा आधारही तोडला. १८७८ चा वनकायदा तेव्हा अगदी ताजा होता. ज्या भूमीतून कर मिळत नाही ती 'पडीक', ही महसुली परिभाषा त्या काळाने आपल्याला दिली. पडीक म्हणजे कोणाच्याही उपयोगाची नसलेली असा अर्थ आपण अजूनही घेतो. वस्तुतः ज्यांचा उपयोग सरकारी कागदावर येत नव्हता त्यांची ती भूमी होती.

या अन्यायाची कबुली द्यावयास सव्वाशे वर्षे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरील परंपरागत हक्क मान्य केला. तो उपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हे त्यात आले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला ही त्या इतिहासातील महत्त्वाची घटना. परंतु माझ्या घरामागचा उतार कागदोपत्री वनात मोडत नाही. गावाच्या कडा, रस्त्याच्या बाजू, बांध, ओसाड भूखंड यांवर वाढणाऱ्या वस्तूंबाबत कायदा जवळजवळ मुका आहे. जेथे कायदा बोलत नाही तेथे नीतीला बोलावे लागते.

सामायिक वस्तूचा शेवट नाशातच होतो, असा एक सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला. प्रत्येकजण सामायिक कुरणात आपले आणखी एक जनावर सोडत जातो आणि अखेर कुरणच उरत नाही. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरचे दाखले देऊन दाखविले की प्रत्यक्षात लोक सामायिक वस्तू वाटेल तशा वापरीत नाहीत. कोणी, केव्हा, किती घ्यावे याचे नियम ते स्वतः करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. या कार्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सह्याद्रीतील देवराया हे आपल्या घरचे उदाहरण. काही देवरायांतून वाळलेले पानही बाहेर नेत नाहीत. हार्डिनच्या कुरणात मालक नसतो, आणि म्हणून नियमही नसतो. माझ्या घरामागच्या उतारावर मालक नव्हता. पण नियम होता. तो मला माहीत नव्हता एवढेच. कुरणाचा नाश करणारा तो 'प्रत्येकजण' त्या टेकडीवर एकच होता, आणि त्याच्या पिशवीत एक वनस्पतिशास्त्राचे पुस्तक होते.

हा नियम कोठे लिहिलेला नसला तरी तो भाषेत आहे असे मला वाटते. मराठीत झाडापासून काही घेण्याची निरनिराळी क्रियापदे आहेत. जे आपोआप गळून पडले ते आपण 'वेचतो'. कोवळा शेंडा नखाने घेतो तेव्हा 'खुडतो', आणि खुडलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात. फळ 'तोडतो'. मुळासकट घेतले की ते 'उपटणे' झाले, आणि कंदासाठी जमिनीत शिरले की 'खणणे'. भान सुटून घेतले की 'ओरबाडणे'. ही क्रियापदे समानार्थी नाहीत. ती एक उतरती श्रेणी आहे, आणि त्या श्रेणीच्या प्रत्येक पायरीवर घेणारा आणि झाड यांच्यातील नाते बदलते. भाषा घडविणाऱ्यांनी येथे नीतिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र वेगळे ठेवलेले नाही.

एक उदाहरण पुरेसे होईल. फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून पहिल्या पावसात जी गवतासारखी पाने खातात ती क्लोरोफायटम या प्रजातीतील वनस्पतींची. पाने घेतली तरी खालची मुळे राहतात आणि पुढील वर्षी पाने पुन्हा येतात. याच प्रजातीतील एका जातीला, जिच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव गुंफलेले आहे, बाजारात सफेद मुसळी म्हणतात. तिची मुळे बलवर्धक औषध म्हणून खपू लागली आणि रानातून ती बेसुमार खणली गेली. पानाची भूक आणि मुळाचा व्यापार यांत हा फरक आहे. भुकेल्या माणसाला पुढच्या वर्षीही भूक लागणार हे ठाऊक असते, म्हणून तो मूळ राखतो. दूरच्या गिऱ्हाइकाला त्या जागेचा पुढचा पावसाळा पाहावयाचा नसतो.

अर्थात भुकेचे उदात्तीकरण करण्यातही धोका आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ उलटल्यावर, १९०२ साली, जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात टंचाईच्या काळात लोक कोणत्या वनस्पती खातात याची टिपणे प्रसिद्ध केली. त्या यादीमागे हजारो लोकांची उपासमार आहे. आज त्याच परंपरेतील भाज्या रानभाजी महोत्सवांत कौतुकाने मांडल्या जातात. हा बदल वाईट आहे असे मी मानीत नाही. ज्या अन्नाची लाज वाटावयास लावली त्याचा मान वाढला तर ते चांगलेच. परंतु अन्नाचा मान वाढतो तेव्हा ते अन्न जपणाऱ्यांचा मान आपोआप वाढत नाही. पुष्कळदा उलटे होते. भाव वाढतो, गाड्या घेऊन लोक येतात, आणि जिने ते अन्न ओळखीत ठेवले तिच्याच ताटातून ते नाहीसे होते.

शेताच्या बांधावरही हेच वेगळ्या मार्गाने घडत आहे. खुरपणीला जाणाऱ्या मजूर स्त्रिया तण काढता काढता घोळ, माठ, कुर्डू, तांदुळजा असे खाण्याजोगे तेवढे वेगळे करून ओटीत घालीत आणि संध्याकाळी घरी नेत. मजुरीत त्याचा हिशेब नसे, तरी ती मजुरीच होती. तणनाशकाची फवारणी आली तेव्हा खुरपणीचे काम गेले आणि ओटीतली भाजीही गेली. 'तण' हा शब्द शेतमालकाचा आहे. ज्या स्त्रीच्या ओटीत ते जात होते तिच्या भाषेत ते तण नव्हते, भाजी होती. वस्तूला नाव कोण देतो यावर ती जगणार की मरणार हे ठरते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना तरी नव्याने सांगावयास नको.

मग घराजवळ उगवलेले काही खुडूच नये काय? तसे मी म्हणत नाही. कुंपणाशी टाकळा इतका उगवतो की सगळ्या वाडीने खाल्ला तरी उरावा. आठपंधरा दिवसांनी तो जून होतो आणि त्याची भाजी होत नाही. तो खुडण्यात कोणाचा वाटा जात नाही. उलट, पायाखालच्या पानाला नाव आहे, चव आहे, हे कळल्याने आपली त्या जागेशी ओळख होते, आणि ज्या जागेची ओळख नाही तिची काळजीही कोणी करीत नाही. घेणे सर्वस्वी सोडून देणारा माणूस निसर्गाचा मित्र होतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ परका होतो. प्रश्न घ्यावे की न घ्यावे हा नाही. आपल्या आधी येथे कोण घेत आले आहे, हे विचारल्यावाचून घेता येते काय, हा आहे. 'कोणाचेच नाही' या उद्गाराचा अर्थ बहुतेक वेळा 'मी विचारलेले नाही' एवढाच असतो.

पुढल्या वर्षी ती बाई आली तेव्हा मी तिला सांगितले की मागल्या सालची करटोली मी नेली होती. ती थोडी हसली. "ठाव हाय," म्हणाली. नंतर टोपली खाली ठेवून तिने सांगितले की मोठ्या आंब्याच्या अंगाला जो वेल आहे त्याची फळे ती कधीच काढत नाही, ती पिकून फुटू देते, "बियाला." तो वेलही मी त्या साली मोकळा केला होता. हे मात्र मी तिला सांगितले नाही. ते तिला ठाऊक असणारच, असे मी स्वतःला सांगत राहिलो.